पाहुण्यांच्या व्याख्यानाआधीचा एक तास

खडूफळा

मी एका विद्यापीठाच्या गणित विभागात शिकवतो. आमच्याकडे बाहेरच्या संशोधकांची व्याख्यानं नेमाने होतात आणि ती व्हावीत म्हणून मी स्वतः धडपडत असतो. पण त्यातून एमएस्सीच्या मुलांच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

चित्र सगळीकडे सारखंच दिसतं. पुढच्या दोन रांगांत प्राध्यापक, त्यांच्यामागे पीएचडीवाले आणि शेवटच्या रांगांत हजेरी लागणार म्हणून आलेली मुलं. पहिली दहा मिनिटं सगळे ऐकतात. मग फळ्यावर एक व्याख्या येते, तिच्या पोटात दुसरी, आणि मागच्या रांगा गळतात. शेवटी 'काही प्रश्न?' असं विचारलं की दोन प्राध्यापक विचारतात, आभार मानले जातात आणि सगळे चहाकडे वळतात.

याचं खापर आपण एक तर वक्त्यावर फोडतो ('फार वरचं बोलले') नाहीतर मुलांवर ('यांना वाचायलाच नको'). मला दोन्ही पटत नाही. व्याख्यान रुजणार की वाया जाणार, हे बहुतेक वेळा आदल्या दिवशीच ठरतं, आणि ती जबाबदारी बोलावणाऱ्या विभागाची असते.

एक अनुभव सांगतो. विषय होता फरशीबंदीचा. एकाच आकाराच्या फरशीने अख्खं प्रतल भरायचं, पण नक्षीची आवर्तनं कधीच होता कामा नयेत, असं जमेल का? 1966 मध्ये रॉबर्ट बर्जर यांनी नक्षीचं आवर्तन कधीच होऊ न देणारा फरश्यांचा संच दिला तेव्हा त्यात 20,426 वेगवेगळ्या फरश्या होत्या. सत्तरच्या दशकात रॉजर पेनरोज यांनी तो आकडा दोनावर आणला. दोनाचा एक व्हायला मात्र 2023 उजाडलं. तो आकार सापडला इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या डेव्हिड स्मिथ यांना. हे मुद्रण व्यवसायातले निवृत्त तंत्रज्ञ, गणिताचे प्राध्यापक नव्हेत. मग क्रेग कॅप्लन, जोसेफ मायर्स आणि खाइम गुडमन-स्ट्रॉस यांच्याबरोबर त्यांनी सिद्धता पुरी केली. आकाराचं नाव 'हॅट'.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी मी एमएस्सीच्या मुलांना षट्कोनांची जाळी छापलेले कागद दिले. प्रत्येक षट्कोनाच्या केंद्रातून सहाही बाजूंच्या मध्यबिंदूंना रेषा काढा, एकेका षट्कोनात सहा पतंग तयार होतात. असे आठ पतंग ठरावीक रीतीने जोडले की 13 बाजूंची हॅट मिळते. जुन्या फायलींचे पुठ्ठे कापून मुलांनी ढीगभर हॅट केल्या आणि जमिनीवर बसून जुळवायला लागली. अर्ध्या तासाने एक मुलगी म्हणाली, "सर, इथे एकही बसत नाही, पण पालथी घातली तर बसते." पाठोपाठ दुसऱ्याने विचारलं, "मग ही एकच फरशी कशी? सुलटी आणि पालथी मिळून दोन झाल्या की."

मी उत्तर दिलं नाही, उद्या विचार म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे नेमके तिथे आले. हॅटच्या नक्षीत काही फरश्या आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट्या लागतात, यावर खुद्द गणितज्ञांमध्येही चर्चा झाली होती, आणि त्याच चौघांनी दोन महिन्यांत 'स्पेक्टर' नावाचा आकार दिला ज्याला उलटं करावं लागत नाही. हे ऐकताना मागच्या रांगेतला तो मुलगा खुर्चीवरून अर्धा उठला होता. सिद्धतेत फरश्यांचे गट करून, त्या गटांचे पुन्हा मोठे गट करत जाणं आहे. तो भाग अवघडच होता आणि तरीही मुलं शेवटपर्यंत बसली, कारण आपल्याच पुठ्ठ्यांचं काय झालं हे त्यांना ऐकायचं होतं. वक्त्यांनी शेवटी क्वासिक्रिस्टलचाही विषय काढला. अणूंची रचना सुसूत्र असूनही आवर्ती नसू शकते हे डॅन शेख्टमन यांना 1982 मध्ये दिसलं, कोणी विश्वास ठेवेना, आणि 2011 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा एकाने विचारलं, "म्हणजे निसर्गात पेनरोजची फरशी आहे?" व्याख्यानानंतरची चर्चा व्याख्यानापेक्षा लांबली.

तर इथे शिकवणारे, शिकणारे, व्याख्यानं देणारे बरेच जण आहेत. कुठल्या विषयाआधी कोणता तास घेता येईल? अनुभव सांगा.

---

सायली_एमएस्सी

सर, मी मागच्या रांगेतली. धाग्यासाठी धन्यवाद.

प्रश्न न विचारण्याचं अजून एक कारण आहे, इंग्रजी. प्रश्न मनात मराठीत तयार असतो, इंग्रजीत जुळवेपर्यंत पाहुण्यांची वेळ संपते. आणि पुढे आपलेच सर बसलेले असतात, त्यांच्यासमोर चुकीचं बोललो तर? आमच्याकडे एका मॅडमनी मध्यंतरात चिठ्ठ्या गोळा करायला सुरुवात केली. नाव लिहायचं नाही, भाषा कुठलीही. त्या स्वतः वाचून, गरज पडली तर भाषांतर करून विचारतात. पहिल्याच वेळी चिठ्ठ्या इतक्या आल्या की निवडाव्या लागल्या. आदल्या दिवशीचा तास मराठीत असेल तर अर्धी भीती तिथेच जाईल.

---

औंढेकर

मी हिंगोली जिल्ह्यातला. आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. तेव्हापासून या लहरींवर, म्हणजे कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना अवकाशात उठणाऱ्या तरंगांवर, बोलायला कोणी ना कोणी येत असतं. कृष्णविवरांची चित्रं सगळ्यांना आवडतात. पण यात गणित कुठे आहे, हे विचारलं तर पोरं आइनस्टाइनचं नाव घेऊन थांबतात. म्हणून मी एक तास तयार केलाय, तो सविस्तर देतो.

लायगोच्या भुजा 4 किलोमीटर लांब. लहर गेली की त्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका, किंवा त्याहून कमी. यंत्रात सतत गोंगाट असतो, जमिनीची थरथर, आरशांची उष्णता, लेझरची स्वतःची अस्थिरता. 14 सप्टेंबर 2015 ची पहिली लहर इतकी जोरदार होती की गोंगाट थोडा गाळला की डोळ्यांनाही दिसते. पण त्याच वर्षी 26 डिसेंबरला आलेली दुसरी लहर आलेखात डोळ्यांना दिसतच नाही. ती सापडली मॅच्ड फिल्टरिंगमुळे. कशी लहर येईल याचा नमुना आधी गणिताने काढायचा आणि तो नोंदींवरून सरकवत न्यायचा.

वर्गात मी फळ्यावर नमुना लिहितो: 1, 3, −2. खाली 'यंत्राची नोंद':

2, −1, 0, 2, 2, −1, 1, −2, 0, 1

नमुना पहिल्या तीन आकड्यांखाली ठेवा, समोरासमोरचे गुणाकार करा, बेरीज घ्या. मग एक घर पुढे. उत्तरं येतात −1, −5, 2, 10, −3, 6, −5, −4. चौथ्या जागी 10! तिथे 2, 2, −1 आहे, म्हणजे आपला नमुना गोंगाटात थोडा बिघडून बसलाय. नुसतं बघून कोणालाही सांगता आलं नसतं.

खरी मजा पुढे आहे. कोणीतरी विचारतंच, "सर, 6 पण आलाय, ती पण लहर का?" तिथून संख्याशास्त्र सुरू होतं. नुसत्या गोंगाटातून 10 किती वेळा येईल? दुसरं यंत्र लांब ठेवलं आणि त्यातही जवळपास त्याच क्षणी मोठा आकडा आला तर योगायोगाची शक्यता किती उरते? पहिली लहर लायगोच्या अमेरिकेतल्या दोन केंद्रांपैकी लिव्हिंगस्टनला आधी लागली आणि साधारण 7 मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर कापायला प्रकाशाला 10 मिलिसेकंद लागतात, म्हणजे हिशोब बसतो.

आता शेवटचा प्रश्न. लहरीचा नमुना कृष्णविवरांच्या वस्तुमानांवर ठरतो आणि ती आपल्याला आधी माहीत नसतात, मग नमुने घ्यायचे किती? फार विरळ घेतले तर लहर दोन नमुन्यांच्या मधून निसटेल, फार दाट घेतले तर संगणकाला पेलणार नाही. पहिल्या फेरीच्या शोधात सुमारे अडीच लाख नमुने वापरले होते. नमुन्यांची ही मांडणी किती दाट हवी याचं पायाभूत गणित पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 च्या सुमारास मांडलं, लहर सापडायच्या जवळजवळ पाव शतक आधी. हे सांगितलं की वर्गात कुजबुज होते. मुलांना वाटत असतं की असलं संशोधन फक्त अमेरिकेत होतं.

या तासाला गुणाकार-बेरीज सोडून काही लागत नाही. बी.एस्सी. पहिल्या वर्षाला घेतलाय, बारावीलाही चालेल.

---

तालुकावाली

औंढेकर, हा तास उचलतेय. फार सुंदर.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात गणित शिकवते. आमची अडचण आधीची आहे, आमच्याकडे येणार कोण? प्रवासभाडं, मुक्काम, मानधन, आणि सगळं जुळलं तर कार्यक्रमाचा पाऊण तास स्वागतगीत, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय यांत जातो. एका पाहुण्या प्राध्यापिकेला आम्ही बोलायला जेमतेम पस्तीस मिनिटं दिली. त्या सहा तासांचा प्रवास करून आल्या होत्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आता मी भांडून दोन गोष्टी मिळवल्यात, सत्कार व्याख्यानानंतर आणि परिचय दोन वाक्यांत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून महाविद्यालयांत दोन-तीन दिवसांच्या व्याख्यान-कार्यशाळा घेतात. अकादमीचे फेलो, म्हणजे निवडून घेतलेले सदस्य, येऊन बोलतात आणि खर्चाचा भार अकादमी उचलतात. अर्ज करावा लागतो, वेळ लागतो, पण लहान गावातल्या महाविद्यालयांनी जरूर करावा.

आणि कोणीच येणार नसेल तेव्हा आम्ही बंगळुरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञानाच्या संस्थेच्या यूट्यूब वाहिनीवरची व्याख्यानं एकत्र बसून बघतो. तिथल्या रामानुजन, चंद्रशेखर, ट्युरिंग यांच्या नावांच्या मालिकांत पहिलं व्याख्यान सर्वसाधारण विज्ञानश्रोत्यांसाठी असतं. आम्ही दर दहा मिनिटांनी थांबवतो, फळ्यावर एक उदाहरण करतो, पुढे जातो. तासाभराचं व्याख्यान दोन दुपारी चालतं. समोर माणूस नसला तरी थांबवता येतं, हा मोठाच फायदा.

---

शून्यशेष

थोडा वेगळा सूर लावतो. मी जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतो आहे.

मूळ धाग्यातला आधीच्या तासाचा आग्रह पटतो, पण सगळ्याच व्याख्यानांना तो लावू नका. कोलोक्वियम वेगळं, सेमिनार वेगळा. कोलोक्वियमला बीजगणितवाला, संभाव्यतावाला, संख्यात्मक पद्धतींवाला सगळे येतात आणि वक्ता त्या सगळ्यांना धरून बोलतो. सेमिनार त्या-त्या शाखेतल्या पाच-पंधरा जणांचा. तिथे पाहुण्याला सिद्धतेच्या मधोमध थांबवून 'ही पायरी चुकली' म्हणता आलं पाहिजे. तिथेही सगळ्यांना धरून बोला म्हटलं, तर पाहुणा मनातली अर्धवट कल्पना बोलणारच नाही, आणि संशोधन त्या अर्धवट कल्पनांवरच चालतं. आपल्याकडे पुष्कळ विभागांत एकच वार, एकच खोली आणि दोन्हींची सरमिसळ आहे. मुलांना सेमिनारला बसवायचं आणि त्यांना कळलं नाही म्हणून हळहळायचं, यात अर्थ नाही.

इथे कोलोक्वियमच्या आधी चहा असतो, नंतर नव्हे. पाहुणा तिथेच उभा असतो. विद्यार्थी त्याला विचारतात, तुम्ही आज काय सांगणार आहात? पाच मिनिटांचं ते उत्तर मला कित्येकदा पुढच्या तासापेक्षा उपयोगी पडलंय. व्याख्यान संपलं की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर ठोकतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो.

उत्तम कोलोक्वियमचा विषय म्हणून मी गोलांच्या रचनेचं नाव घेईन. फळवाला संत्री रचतो तशी रचना त्रिमितीत सगळ्यात दाट, हे केप्लरने 1611 मध्ये म्हटलं आणि टॉमस हेल्स यांची सिद्धता आली 1998 मध्ये, तीही संगणकाच्या मोठ्या मदतीने. जागेचा साधारण 74 टक्के भाग भरतो. मग मार्च 2016 मध्ये मरिना व्याझोव्स्का यांनी आठ मितींतला प्रश्न सोडवला, आणि आठवड्याभरात आणखी चौघांसह 24 मितींतला. त्या चौघांत भारतीय गणितज्ञ अभिनव कुमार होते. आठ मितींत प्रत्येक गोलाला 240 शेजारी चिकटतात, 24 मितींत 1,96,560. तीन मितींच्या सिद्धतेला संगणक लागतो आणि आठ मितींची तेवीस पानांत मावते, हे ऐकून कुठलाही विद्यार्थी 'का?' विचारणारच. आदल्या तासात नाणी टेबलावर ठेवून एकाभोवती सहाच का बसतात, एवढं करून घेतलं तरी पुरे.

---

निवृत्त_अभियंता

उपयोजित बाजूने भर घालतो. मी गणिताचा विद्यार्थी नाही, पण निवृत्तीनंतर आयुका, भास्कराचार्य प्रतिष्ठान, आयसर अशा पुण्यातल्या संस्थांत जमेल तेव्हा जाऊन ऐकतो. मुंबईकरांनी टीआयएफआर या संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय' हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम ऐकावा. 2009 पासून पृथ्वी थिएटरला रविवारी सकाळी चालतो, तिकीट नाही.

कम्प्रेस्ड सेन्सिंगवर, म्हणजे थोड्या मोजमापांतून पूर्ण माहिती परत मिळवण्याच्या तंत्रावर, व्याख्यान असेल तर माझा तास असा. 1943 मध्ये रॉबर्ट डॉर्फमन यांच्यापुढे प्रश्न होता: अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्या लाखो जणांची सिफिलिससाठी रक्ततपासणी, आणि बाधित फार थोडे. त्यांनी सुचवलं, नमुने एकत्र मिसळून तपासा. समजा 100 माणसं, बाधितांचं प्रमाण 2 टक्के. दहा-दहांचे गट करा. गट निगेटिव्ह आला तर दहाही जण सुटले, पॉझिटिव्ह आला तर त्या दहांची वेगळी तपासणी. गट पूर्ण निगेटिव्ह असण्याची शक्यता 0.98 चा दहावा घात, म्हणजे सुमारे 0.82. सरासरी गटांच्या 10 अधिक पॉझिटिव्ह गटांतल्या माणसांच्या साधारण 18, म्हणजे 28 तपासण्यांत काम होतं. शंभराच्या जागी अठ्ठावीस! मुलांकडून हे कॅल्क्युलेटरवर करून घ्या आणि मग विचारा, प्रमाण 30 टक्के असेल तर? युक्ती कोसळते. उत्तर विरळ असेल, म्हणजे शोधायच्या गोष्टी मोजक्याच असतील, तरच थोड्या मोजमापांत भागतं, ही सगळी मेख.

इथून एमआरआयपर्यंत सरळ वाट आहे. इमॅन्युएल कँडेस, जस्टिन रोमबर्ग, टेरेन्स ताओ आणि स्वतंत्रपणे डेव्हिड डोनोहो यांनी 2006 च्या सुमारास दाखवलं की योग्य रीतीने आकड्यांत मांडल्यावर चित्र विरळ असेल, म्हणजे बहुतेक आकडे शून्य असतील, तर फार कमी मोजमापांतून ते परत मिळवता येतं. मशीनमध्ये निश्चल पडून राहायचा वेळ घटतो. माझ्या नातवाचा एमआरआय झालाय, लहान मुलाला तसं निपचित ठेवणं काय असतं हे मी बघितलंय. त्यामुळे हे गणित मला जवळचं वाटतं.

2020 मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी कोविडसाठी 'टॅपेस्ट्री' नावाची पद्धत काढली ती याच जातीची. प्रत्येक नमुना ठरावीक गटांत घालायचा आणि एकाच फेरीच्या निकालांवरून बाधित ओळखायचे.

---

पाहुणा_वक्ता

मी वर्षभरात बऱ्याच विभागांत जाऊन बोलतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो.

निमंत्रणात मला विचारतात शीर्षक, सारांश, छायाचित्र आणि बँकेचा तपशील. समोर कोण बसणार, त्यांनी काय शिकलंय, हे कोणी कळवत नाही. मी विचारलं तर उत्तर येतं, 'सगळे असतील सर.' मग मी सगळ्यांसाठी म्हणून जे करतो ते कोणालाच पुरेसं होत नाही. एकदाच एका विभागाने लिहिलं होतं, 'ज्या तीन संकल्पनांशिवाय तुमचं व्याख्यान कळणार नाही त्या कळवा, आम्ही आदल्या दिवशी घेऊ.' त्या तीन निवडताना माझंच व्याख्यान सुधारलं. पाच-सहा व्याख्या अशा सापडल्या की ज्यांच्यावाचून काहीही अडत नव्हतं, मी त्या सवयीने सांगत होतो. त्या काढून टाकल्या आणि तो वेळ एका उदाहरणाला दिला.

खडूफळा, तुमच्या तासाला जोड म्हणून हे पत्र नक्की पाठवत जा.

शून्यशेष यांच्याशी सहमत, सेमिनार मोकळा राहू द्या. पण नवं संशोधन म्हणजे दर वेळी डोक्यावरून जाणारंच, हेही खरं नाही. 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिलेली संख्या मूळ (अविभाज्य) आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्येतले अंक वाढले तरी वेळ आवाक्याबाहेर न जाता, ठरवणारी पद्धत दिली. कयाल आणि सक्सेना नुकतेच बी.टेक. झाले होते. तिच्या मुळाशी असलेलं सर्वसमीकरण एमएस्सीच्या मुलाला फळ्यावर तपासता येतं.

---

सायली_एमएस्सी

आमच्याकडे पुढच्या महिन्यात मान्सूनच्या अंदाजावर व्याख्यान आहे. यावर आधीचा तास कोणाकडे आहे का? मॅडमना दाखवते.

---

खडूफळा

सायली, आहे, आणि तो तू स्वतःच घेऊ शकतेस.

पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे 2025 पासून 6 किलोमीटरच्या जाळीवर, म्हणजे नकाशाचे तेवढे लहान चौकोन करून, हवामानाचा अंदाज काढते, आधी जाळी 12 किलोमीटरची होती. वर्गात कोणीतरी म्हणेलच, जाळी अजून बारीक केली, संगणक अजून मोठा घेतला, की महिन्याभराचा अंदाज दिवसागणिक बिनचूक येईल. तिथेच तास सुरू कर.

वर्गाचे दोन गट कर. नियम एकच: हाती असलेली संख्या x, तर पुढची 4x(1 − x). पहिल्या गटाने 0.3 पासून निघायचं, दुसऱ्याने 0.3001 पासून. हवामानकेंद्राचा तापमापक चौथ्या दशांशस्थळी चुकला असं समज. पहिल्या पायरीला 0.8400 आणि 0.8402. सहाव्या पायरीला 0.321 आणि 0.314, अजून कोणाला फार काही वाटणार नाही. दहाव्याला 0.043 आणि 0.010. बाराव्याला एका गटाकडे 0.55 येतं, दुसऱ्याकडे 0.15. सगळे दशांश ठेवायला सांग, मध्येच दशांश तोडले तर शेवटचे आकडे हलतील. ज्यांनी तोडले असतील त्यांचे आकडेही फळ्यावर लिही. एडवर्ड लॉरेन्झ यांच्या संगणकावर 1961 मध्ये हेच झालं, 0.506127 च्या जागी त्यांनी 0.506 टाकलं आणि थोड्याच वेळात संपूर्ण वेगळं हवामान निघालं.

मग गटाऐवजी प्रत्येकाला थोडी-थोडी वेगळी सुरुवात दे, 0.2998, 0.2999 अशी, आणि प्रत्येक पायरीला सगळ्यांची उत्तरं एका रेषेवर टिंबांनी मांड. पहिल्या काही पायऱ्यांत टिंबं एकमेकांना चिकटून असतील, पुढे फाकत जातील. किती पायऱ्यांपर्यंत त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो हे मुलांना रेषेवर दिसेल. पाहुणे एन्सेम्बल हा शब्द उच्चारतील तेव्हा ते याचबद्दल बोलत असतील, एकाच दिवसाचे थोड्या फरकाने केलेले अनेक अंदाज आणि त्यांचा पसारा. पावसाची शक्यता टक्क्यांत का सांगतात, ते तिथून कळतं.

तास झाला की इथे लिही, आणि व्याख्यानात कोणत्या चिठ्ठ्या आल्या तेही.